पाणी न देणाऱ्या आक्का

आमच्या गल्लीत आक्कांचं नाव निघालं की अजूनही निम्मी माणसं तोंड वाकडं करतात. पोटच्या पोरीला दारात उभं करून घोटभर पाणी दिलं नाही हो त्या बाईनं, असं म्हणतात. हे खरं आहे. मी समोरच्या ओट्यावर उभी होते, माझ्या डोळ्यांदेखत ते घडलं. पण म्हणणाऱ्यांना अर्धंच सांगायची हौस असते, आणि अर्धी गोष्ट ऐकली की माझं डोकं फिरतं. सगळं आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलंय, चुकीचं कोणी बोललं की खोडल्याशिवाय राहवत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आक्का म्हणजे ताराबाई. पेठ रोडच्या अंगाला, मळे संपून वसाहत सुरू होते तिथे आमची गल्ली. आक्का माळ्यांच्या घरातल्या. दिराचा मळा पलीकडेच होता. तिथली शेवंती, झेंडू, गलांडा पाटीत भरून त्या उजाडताच देवळापाशी जाऊन बसायच्या आणि उन्हं चढायच्या आत पाटी रिकामी करून परत यायच्या. भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाशी त्या एक शब्द बोलत नसत. त्याचं बोलणं संपेपर्यंत फुलांवर पाणी शिंपडत राहायच्या, आणि ते अशा बेताने की दोन-चार थेंब त्याच्याही पायावर पडावेत. बहुतेक जण मुकाट्याने पैसे देऊन निघून जात.

त्या कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. माझ्या घरी यायच्या तेव्हाही उंबरठ्यावर बसायच्या, एक पाय आत, एक बाहेर. खुर्चीत बसलं की पाय परके वाटतात, म्हणायच्या. मला 'बाई' म्हणत आणि अहोजाहो करत, पण रागवायचं असेल तेव्हा अहोजाहो करूनच असं रागवत की माझे विद्यार्थी तसं रागवण्याला घाबरले असते. प्रत्येक फुलाबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. झेंडू कामाचा गडी, शेवंती घरंदाज, आणि गुलाबाला त्या नुसतंच 'नखरेल' म्हणून सोडून देत. हसायच्या तेव्हा आवाज येत नसे, खांदे तेवढे हलत.

त्यांचे यजमान, नाना, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. ताप दोघांनाही आला होता. आक्कांचा ताप स्वयंपाक करता करता आला आणि गेला, त्यांना कोणी आडवं हो म्हटलं नाही आणि त्यांनाही ते सुचलं नाही. नाना मात्र फुलं घेऊन बाजारात जात राहिले. ओट्याच्या पायऱ्या चढताना मधेच थांबायचे आणि वाकून पायाला खाजवल्यासारखं करायचे. मला वाटायचं चप्पल चावत असेल. ते श्वासासाठी थांबत होते, हे दवाखान्यात नेल्यावर कळलं. आक्कांना त्यांचं तोंडही बघायला मिळालं नाही.

त्या लाटेत आमच्या गल्लीतून गेले ते सगळे पुरुषच. बाहेर फिरणारे तेच, आणि दुखणं लपवणारेही तेच. बाया मागे राहिल्या आणि घरं चालवायची त्यांच्या गळ्यात पडली. कुणी डबे करायला लागली, कुणी नवऱ्याचं दुकान उघडून बसली. आक्का महिनाभर घराबाहेर पडल्या नाहीत. मग एके दिवशी पाटी उचलून देवळापाशी जाऊन बसल्या. रडलेलं मी त्यांना पाहिलं नाही.

त्यानंतर त्यांना एक नाद लागला. गल्लीतला कुठलाही पुरुष जरा मलूल दिसला की त्या त्याला हटकायच्या आणि एका दमात बारा महिने म्हणायला लावायच्या, चैत्र-वैशाखापासून फाल्गुनापर्यंत. मधे श्वास घेतला की दवाखान्यात चल. शिकलेल्या पोरांना मराठी महिने येत नसत, त्यांची पंचाईत व्हायची. एकदा आमच्या घरी आलेल्या शाळेच्या तपासनीसांनाही त्यांनी सोडलं नाही. ते आश्विनात अडकले, तेही दमाने नाही, पुढे काय येतं ते आठवेना म्हणून. मला हसू आवरेना. आक्का मात्र गंभीर होत्या. गडी सांगत नाय बाई, त्याच्याकडून काढून घ्यावं लागतं, असं त्या मला समजावत. गल्लीतल्या पुरुषांवर त्यांची पहारेकऱ्यासारखी नजर असे. बायकांना त्यांनी कधी महिने म्हणायला लावले नाहीत. ते तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही.

घराच्या मागची एक खोली त्या भाड्याने देत. पुढच्या वर्षी तिथे सुरगाण्याकडचं एक जोडपं राहायला आलं. काशिनाथ कंपनीत कामाला जायचा. हिरा घरी असे, आणि तिला दिवस गेलेले होते. पोरगी अबोल, कामाला वाघ. आक्कांच्या हाताखाली ती हार करायला शिकली आणि थोड्याच दिवसांत आक्कांपेक्षा सरळ हार करू लागली. तिला आई नव्हती, त्यामुळे बाळंतपणाला माहेर नव्हतं. माझ्याकडंच कर, आक्का म्हणाल्या. त्यांची स्वतःची मुलगी मनीषा येवल्याला दिलेली, पैठणी विणणाऱ्या घरात. तिलाही तेवढेच दिवस गेलेले. पहिलटकरीण, म्हणजे बाळंतपण माहेरीच होणार. आक्कांनी नानांच्या जुन्या धोतरांची दुपटी शिवली, डिंक आणि खारीक आणून ठेवली. एकदम दोन बाळंतपणं काढायची, म्हणून त्या पंचमीच्या आधी पोरी असतात तशा उल्हासात होत्या. नानांच्या माघारी त्यांना इतकं बोलताना मी तेव्हाच पाहिलं.

पाऊस सुरू झाला आणि नळाला गढूळ पाणी येऊ लागलं. वासही यायचा. कुठेतरी नळाची जुनी लाइन फुटून गटाराचं पाणी आत शिरत होतं, हे मागाहून खणल्यावर कळलं. आम्ही पाणी फडक्याने गाळत होतो आणि तुरटी फिरवत होतो. गाळलेलं पाणी स्वच्छ दिसतं, म्हणून आम्हाला ते स्वच्छ वाटत होतं. महिन्याभरात घरोघरी कावीळ झाली.

काशिनाथला पहिल्यांदा झाली. आक्कांनीच ओळखलं, महिने म्हणायला लावले तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे दिसले. मग त्याची बडदास्त सुरू झाली. कंपनीतून रजा, उसाचा रस, बिनतेलाचं खाणं, आणि कुणीतरी आणून दिलेली काविळीची माळ. ही मुळ्यांच्या तुकड्यांची माळ डोक्यावर ठेवतात. ती म्हणे रोज थोडी वाढते आणि कावीळ उतरेल तशी खाली उतरत जाते. गल्लीला खेळच मिळाला. येणारा-जाणारा विचारायचा, काय काशिनाथ, माळ कुठवर आली? कपाळावर आली, गळ्यात आली, असं तो खाटेवर पडल्या पडल्या सांगायचा. त्याला त्या दुखण्यात थोडी मजाही वाटायला लागली होती, आणि मी त्याला दोष देत नाही. जन्मात पहिल्यांदा त्याची कोणी विचारपूस करत होतं.

रस आणायला हिरा जायची. बिनतेलाचे फुलके हिरा करायची. त्याचे कपडे, त्याचं अंथरूण, सगळं तीच धुवायची. मधेच उठून मोरीत ओकायची आणि तोंड पुसून परत चुलीशी बसायची. मी आक्कांना विचारलं होतं, हिला एवढ्या उलट्या कशा होतात. आक्का सहज म्हणाल्या, पोटुशी हाय, व्हायच्याच. त्यांनी तिला आवळासुपारी दिली. सातव्या महिन्यात उलट्या होत नसतात एवढं खरं तर गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. पण घरात आजारी माणूस एकच असतो, आणि तो काशिनाथ होता.

एका सकाळी हिराने चूल पेटवली आणि त्यावर काहीच न ठेवता समोर बसून राहिली. आक्कांनी हाक मारली तर ओळख नसल्यासारखी बघायला लागली. मग आक्कांना आई म्हणाली, आणि आता घरी जाऊ म्हणाली. आक्कांनी तिला दारात उजेडाला आणलं आणि तिची पापणी खाली ओढली. मी समोरून पाहिलं, आक्कांचा हात तसाच थांबला. रिक्षा मी बोलावली आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. हिरा आक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून होती, आणि आक्का सगळ्या वाटेवर तिच्या हातावर हात घासत होत्या.

ती वाचली नाही. बाळही नाही. डॉक्टरीणबाई तरुण होती, तिचेच डोळे भरून आले होते. आक्कांनी तिला दारात अडवलं.

"एकाच नळाचं पानी प्यायले ना दोघं?"

"हो."

"मग त्याला सोडलं आन हिला का धरलं?"

डॉक्टरीणबाईने त्यांना बाकावर बसवलं आणि शेजारी स्वतः बसली. म्हणाली, "मावशी, ही कावीळ बाकीच्यांना होते आणि बहुतेक जण महिन्या-दीड महिन्यात बरे होतात. पण पोटात बाळ असलं, त्यातून शेवटचे महिने असले, की ती एकदम उलटते. लिव्हरच बसतं. असं का होतं, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही."

काशिनाथची माळ तेव्हा छातीवर आली होती. त्याने ती तिथेच तोडून फेकली. पुढे तो बरा झाला, कंपनीत जाऊ लागला आणि मग खोली सोडून गेला. जाताना आक्कांच्या पाया पडला तर त्यांनी पाय मागे घेतले.

हिरा गेली त्या दिवशी संध्याकाळी आक्का माझ्या उंबरठ्यावर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "मी गड्यांचे डोळे बघत बसले, बाई. ती माझ्यासमोर फुलके लाटत होती." मी चहा ठेवला, तो त्यांनी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी येवल्याला फोन केला आणि मनीषाला सांगितलं, तू इकडं येऊ नको. पण फोनवर काय काय सांगणार? मनीषाला वाटलं, घरात नुकतंच मरण झालं म्हणून आई कचरते. तिच्या सासूबाईंना वाटलं, आता एकटी विधवा बाई, खर्चाला भितेय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत, त्यात काय विचारायचं? चांगला दिवस बघून त्यांनी मनीषाला पाठवून दिलं. जावई सोबत होते.

दुपार होती. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि मनीषा हळूहळू चालत आली. पोट चांगलंच दिसत होतं. उन्हाने चेहरा लाल झालेला, एका हाताने कंबर धरलेली. आक्का दारात आल्या. त्यांच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो त्यांनी लेकीवरून ओवाळून टाकला, तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. पाणी मात्र ओवाळलं नाही. आणि मग त्या दारातून बाजूला झाल्याच नाहीत.

"हो ना बाजूला," मनीषा हसत म्हणाली.

"आत नको येऊ. जशी आली तशी माघारी जा."

मनीषाला आधी ती थट्टा वाटली. मग तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं. आक्कांनी हिराचं सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाली ते सांगितलं. एव्हाना सगळी गल्ली ओट्यांवर येऊन उभी होती.

"तर मग उकळून दे पानी. तेवढं तर करशील?"

"मी उकळीन गं. पन तू चूळ भरशील, तोंड धुशील, अंघोळीला बसशील. भाजी त्याच पान्यानं धुवायची, भांडी त्याच पान्यानं. माझं लक्ष कुठंवर पुरंल? हिरावर होतं का?"

"आई, मला लय तहान लागली. घोटभर दे, मग काय ते बोलू."

आक्का हलल्या नाहीत. दोन्ही हातांनी त्यांनी चौकट धरली होती. शेजारची एक जण तांब्या घेऊन पुढे झाली, तर तिच्यावर त्या अशा ओरडल्या की तिच्या हातातून तांब्या निसटला. जावईबापू मुकाट्याने कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि बाटली विकत घेऊन आले. आपल्या माहेरच्या दारात मनीषा विकतचं पाणी प्यायली. पिता पिता तिला रडू फुटलं. बाटली तिने ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "आता तू मेलीस तरी मी या दाराला पाय लावनार नाय." गाडी परत येवल्याला गेली. आक्का दार लावून आत बसल्या, आणि गल्लीने पुढचे कित्येक महिने त्यांना तोंडावर आणि माघारी जे बोलायचं ते बोलून घेतलं. कोणी म्हणालं नवरा गेल्यापासून डोकं फिरलंय. कोणी म्हणालं हिला खर्च नको होता. त्या कोणालाही उत्तर देत नसत. नुसतं फुलांवर पाणी शिंपडत असत, आता ते विकतच्या बाटलीतलं असे.

एक मात्र झालं. त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत दुसरी कोणी पोटुशी लेक माहेरी आली नाही. आयांनी आक्कांना शिव्या घालत घालत आपापल्या लेकींना फोन करून थांबायला सांगितलं.

मनीषाला येवल्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप. बारशाचं बोलावणं आक्कांना आलं नाही. पण जावई चांगला माणूस. आठ-पंधरा दिवसांनी तो काहीतरी निमित्त काढून पोरीला येवल्याच्या स्टँडवर घेऊन येई. आक्का सकाळच्या एसटीने जायच्या, बाकावर बसून नातीला घटकाभर मांडीवर घ्यायच्या आणि पुढच्या गाडीने परत यायच्या. जाताना शेवंतीचा गजरा नेत. तो मनीषाला पोचतो की वाटेत टाकला जातो, हे त्यांनी जावयाला कधी विचारलं नाही. मला मात्र प्रत्येक वेळी सांगत की पोरीचं कपाळ मनीषासारखं आहे. त्यांना लेक हवी होती. तिने येऊन भांडावं, शिव्या द्याव्यात, पण यावं. गल्लीला हे कधी कळलं नाही.

पोरगी चालायला लागून बोलू लागली होती तेव्हाची गोष्ट. मला येवल्यात एका लग्नाला जायचं होतं, म्हणून त्या दिवशी मी आक्कांबरोबर निघाले. स्टँडवर आम्ही बसलो. जावई पोरीला घेऊन आले, आणि त्यांच्या मागे चार पावलांवर मनीषा होती. पुन्हा दिवस गेलेले. आक्का उठू लागल्या आणि परत बसल्या. मनीषा पोरीचा हात धरून समोर येऊन उभी राहिली. आईकडे न बघता, स्टँडवरच्या गाड्यांकडे बघत तिने विचारलं,

"गल्लीत पानी कसं येतं आता?"

ती काय विचारत होती हे तिथे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना कळलं. त्या एका प्रश्नासाठी आक्का इतके दिवस त्या बाकावर येऊन बसत होत्या. खरं सांगायचं तर मला वाटलं, आक्कांनी आता खोटं बोलावं. लाइन बदलली होती, पण गल्लीच्या अर्ध्यापर्यंतच. आमच्या टोकाला अजून जुनीच होती. तेवढं गाळून सांगता आलं असतं. आक्कांनी पदराने तोंड पुसलं.

"पाऊस पडला का अजून गढूळ येतं," त्या म्हणाल्या. "नको येऊ."

मनीषाने पोरीचा हात सोडला. मला वाटलं, झालं, ही आता जाणार. ती बाकाच्या टोकाशी बसली, आईपासून हातभर लांब.

"हिराला कितवा होता?"

"सातवा सरत आलेला."

"मला पन तेवढाच होता."

"तेवढाच," आक्का म्हणाल्या.

पोरगी दोघींच्या मधल्या जागेत चढून बसली. तिचा फ्रॉक सारखा करत मनीषा म्हणाली, "मग तूच चल माझ्याकडं. बाळंतपण काढायला."

"कधी?"

"आत्ता. मला एकटीला भ्या वाटतं, आई."

लेकीच्या सासरी जाऊन बाळंतपण काढायचं, असं आमच्याकडे कोणी केलेलं नाही. सासूबाई काय म्हणतील, कपडे आणले नाहीत, दिराला सांगितलं नाही, पाटी देवळापाशीच ठेवलीय, असं आक्का एकामागून एक सांगत होत्या, आणि सांगता सांगताच त्यांनी कनवटीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

जावयांनी रिक्षा आणली. त्या पुन्हा गल्लीत राहायला आल्या नाहीत. मनीषाला मुलगा झाला, मग त्या तिथेच राहिल्या, आणि गेल्याही तिथेच. माझी त्यांची भेट अशी ती शेवटचीच. रिक्षा निघाली तेव्हा मी हात हलवला, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मांडीवर नात होती, आणि मनीषा त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन भरभर काहीतरी सांगत होती, भांडत होती की काय कोण जाणे. आक्का नुसत्या ऐकत होत्या.